एक जूनची लेक

रविवार, ९ फेब्रुवारी २०२५. मनुरेवा.

श्रुतीची गेल्या वर्षीची अर्धी कोरी वही मिळाली. सुरुवातीची वीस पानं नातीच्या भागाकारांनी भरलेली, त्यातले सहा चुकलेले. इथल्या बाईंनी चूक न दाखवता खाली 'गुड ट्राय' लिहिलंय. मी लाल पेनाने सहाही दुरुस्त केले आणि मागच्या कोऱ्या पानांवर हे लिहायला घेतलं.

इथे येऊन चौदा महिने झाले. हे गेल्यावर मैत्रेय म्हणाला, आई, तू एकटी तिकडे काय करणार? धनकवडीचा फ्लॅट विकला, भांडीकुंडी वाटून टाकली आणि पृथ्वीच्या पार दक्षिण टोकाच्या या देशात मी लेकाकडे आले. इथे कायम राहण्याची, रेसिडन्सची फाइल सप्टेंबरात टाकली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत मी ना इथली ना तिथली. सकाळी पावणेआठला मैत्रेय त्याच्या पुलांच्या कामावर जातो, सून सुरभी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, श्रुती शाळेत. मग उरते मी आणि हॉलची खिडकी. बसचा थांबा टेकडीखाली, वीस मिनिटांवर. "आई, एकटी कुठे जाऊ नकोस हं," असं मैत्रेय रोज बजावतो. छत्तीस वर्षं माण तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर एसटीने आणि एसटी नसेल तिथे पायी जाऊन शाळा चालवलेली बाई मी! आता लेटरबॉक्सपर्यंत जाते आणि परत येते.

आज मात्र खिडकीत बघण्यासारखं काही होतं. आमचं घर मागचं. पुढच्या घराचा आणि आमचा ड्राइव्हवे एकच. ते पुढचं घर तीन महिने रिकामं होतं, तिथे एक कुटुंब आलं. नवरा, बायको, दोन मुलगे. एका संस्थेची माणसं व्हॅनमधून पलंग आणि गाद्या उतरवत होती. सुरभी म्हणाली, रेफ्युजी आहेत, म्यानमारचे, रोहिंग्या. सगळं सामान आत गेलं तरी ती बाई अंगणातच उभी होती. कुणीतरी आत जा म्हणेल, याची वाट बघत असावी.

बुधवार, १२ फेब्रुवारी.

पुढच्या घरची बाई आज आली. नाव तोयोबा. तिशी ओलांडलेली, हाडं दिसतात इतकी बारीक. हातात पत्रांचा गठ्ठा. मी हिंदीत विचारलं, तर हैदराबादच्या हिंदीत उत्तर आलं! हे लोक सात वर्षं हैदराबादला बालापूरच्या झोपड्यांत राहिले होते. "चाय नक्को अम्माजी," म्हणाली, आणि ते 'नक्को' ऐकून मला एकदम भरून आलं. चौदा महिन्यांत, सणासुदीचे कार्यक्रम सोडले तर, घराबाहेरच्या कुणी माझ्याशी माझा शब्द बोललं नव्हतं.

घरात काही येईना. उंबऱ्यापर्यंत आली, हॉलमध्ये नजर गेली आणि तिथेच थबकली. मी म्हटलं, चपला असू देत, काही बिघडत नाही. मान हलवून दोन पावलं मागे सरकली. संकोची दिसते. शेवटी गॅरेजमध्ये बसलो, मैत्रेयच्या न उघडलेल्या खोक्यांवर. तिथे गार वाटतं, तिला तेच बरं वाटलं असावं.

पत्रं मुलांच्या शाळेची, दवाखान्याची, दातांच्या तपासणीची. सगळी इंग्रजीत. तिच्या भाषेचा दुभाषा मिळतो, पण फोनवर, लांबच्या शहरातून. तो पुरुष आहे आणि त्याची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात. बायकांच्या दुखण्याचं त्याच्यासमोर काय बोलणार? मी सगळी पत्रं वाचून दाखवली आणि कॅलेंडरवर तारखांना गोल केले. ती गेल्यावर लक्षात आलं, आज मी खिडकीपाशी बसलेच नाही.

शनिवार, १ मार्च.

हल्ली रोज गॅरेज भरतं. तोयोबाबरोबर डॉक्टरांकडे गेले, शाळेत गेले, गॅसच्या शेगडीसाठी घरमालकाच्या माणसाशी भांडले. इथली माणसं मनाने चांगली आहेत. संस्थेची मुलगी दर भेटीत तोयोबाला मिठी मारते. पण तिच्याकडे अशी बावीस कुटुंबं आहेत. मिठी मारून झाली की घड्याळाकडे बघते.

आज तोयोबाने मला तिच्या मुलीबद्दल सांगितलं. मला वाटत होतं तिला दोनच मुलगे. थोरली मुलगी आहे, सेनुआरा. गाव जळालं तेव्हा ही तीन मुलांना घेऊन नदी ओलांडून बांगलादेशात कॅम्पात पोचली. नवरा आधीपासून हैदराबादला मजुरीला होता. त्याच्याकडे नेणारा माणूस म्हणाला, दोन लहान पोरं कडेवर असतील तरच नेतो, तिसरं चालतं पोर नको. तेव्हा मुलीला तिथेच आत्याकडे ठेवलं. महिनाभरात न्यायला येते, असं सांगून. त्याला आठ वर्षं होत आली.

आता आत्या म्हणते, पोरगी मोठी झाली, कॅम्पात मोठी पोरगी सांभाळणं अवघड, लग्न लावून देते. मुलगा बघून ठेवलाय, चाळिशीचा. आणि लग्न झालं की ती आईवडिलांच्या अर्जात इकडे येऊ शकत नाही. तिला बोलावण्याचा अर्ज भरायला वकिलाची वेळ मिळाली आहे ती एप्रिलच्या मध्यावर.

मी म्हटलं, एप्रिल कशाला? आण तो फॉर्म इकडे. जन्मभर मी दुसरं काय केलंय?

गुरुवार, ६ मार्च.

फॉर्म भरून झाला. अठ्ठावीस पानं. एकही खाडाखोड नाही.

अडलं फक्त जन्मतारखेला. तोयोबा म्हणाली, मालूम नै. मला हसू आलं. अहो, हे उत्तर मी किती वेळा ऐकलंय! वस्तीवरची बाई पोराला शाळेत घालायला आणायची, तारीख विचारली की आभाळाकडे बघायची. मग आम्ही पोराला डोक्यावरून हात घेऊन पलीकडचा कान धरायला सांगायचो. कानाला हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं. मग विचारायचं, पाऊस होता का, कुठला सण होता, शेजारी कुणाचं लग्न होतं? वर्ष हाताला लागलं की दिवस ठरलेला. एक जून. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, हिशेबाला सोपं. माझ्या एकेका वर्गात तीस-तीस पोरांचा वाढदिवस एक जूनला. मी स्वतः एक जूनची, हे एक जूनचे, माझा भाऊ दीनानाथही एक जूनचा. आमच्या आयांना तरी तारखा कुणी विचारल्या होत्या?

तसंच तोयोबाला विचारत गेले. जन्माला आली तेव्हा भाताची रोपं लावत होते. सुईण नावेतून आली, कारण वाटेवर चिखल. म्हणजे पावसाळ्याचं तोंड. गाव जळालं तेव्हा पोरीचे वरचे पुढचे दोन दात पडून नवे अर्धे आले होते. म्हणजे आठ पूर्ण. बोलता बोलता तोयोबाचा चेहरा मोकळा होत गेला. पोरगी रडली नव्हती म्हणून सुईणीने पायाला धरून उलटी केली, हेही सांगून झालं. मी लिहिलं : १ जून २००९. छान वळणदार आकड्यांत.

ती कार्डाबद्दल काहीतरी सांगू लागली होती, पण रोजा सोडायची वेळ जवळ आली होती आणि तिला घरी स्वयंपाक होता. म्हटलं, राहू दे, आधी हे पाकीट बंद करू.

फार दिवसांनी आज कामाला आल्यासारखं वाटलं.

बुधवार, ३० एप्रिल.

पत्र आलं. इतक्या लवकर आलं म्हणून तोयोबा धावतच गॅरेजमध्ये आली. मी चष्मा लावून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

हैदराबादला निर्वासित म्हणून नाव नोंदवताना तोयोबाने सेनुआराचं नाव दिलं होतं. तिथे जन्मतारीख १ जानेवारी २०१०. कॅम्पातल्या कार्डावरही १ जानेवारी २०१०. तोयोबाची, नवऱ्याची, दोन्ही मुलग्यांची, सगळ्यांचीच १ जानेवारी. आणि अर्जावर १ जून २००९. अधिकारी लिहितो, अर्जातली मुलगी आणि कार्डावरची मुलगी एकच आहे याची आमची खात्री होत नाही. सहा जूनपर्यंत खुलासा करा, नाहीतर आहे त्या कागदांवर निर्णय होईल.

त्या दिवशी ती हेच सांगत होती. "अम्माजी, कार्ड पो दूसरा लिखे." मी काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतंय, ते मी सहा मार्चला इथे लिहिलं नाही. मी म्हटलं होतं, कार्डवाल्यांना काय कळतंय, त्यांनी तुला दात विचारले होते का?

"क्या लिखे अम्माजी?" तोयोबाने विचारलं. मी म्हटलं, थोडे और कागज माँगे. पत्राची घडी घालून मी ते माझ्याच पर्समध्ये ठेवलं.

शुक्रवार, २ मे.

तोयोबाला घेऊन वकिलाकडे गेले. फुकट सल्ला देणारं छोटं ऑफिस, वकील टोंगन, म्हणजे इकडच्या बेटांवरची मुलगी, मेले नावाची. पंचविशीची असेल. कानामागे फूल आणि टेबलावर फायलींचा ढीग. दुभाषा मीच.

मेलेने पत्र वाचलं आणि विचारलं, "ही तारीख कुणी लिहिली?" मी हिंदीत विचारलं. तोयोबा म्हणाली, "अम्माजी लिखे." म्हणजे मी.

मी मेलेला इंग्रजीत सांगितलं, "अ फ्रेंड."

दोन शब्द. तिने लिहून घेतले. मी तोयोबाकडे बघितलं नाही.

मेलेने समजावून सांगितलं. रक्ताची तपासणी करून आई-मुलगी सिद्ध करता येतं, पण कॅम्पातून ते व्हायला वर्ष लागेल, आणि तोवर आत्या थांबायची नाही. दुसरा मार्ग म्हणजे ज्या व्यक्तीने तारीख लिहिली तिने शपथेवर लिहून द्यायचं : ही तारीख आईने सांगितलेली नाही, मी माझ्या सवयीने घातली. आणि अशी सवय खरोखर असते, याचा काही पुरावा जोडायचा. "असं कुणी असेल का, ज्याची स्वतःची तारीख अशी लावलेली आहे?" मेलेने मला विचारलं. मी म्हटलं, आय विल आस्क.

पुरावा माझ्या पर्समध्ये होता. डॉक्टरांकडे लागेल म्हणून पासपोर्टची झेरॉक्स मी कायम जवळ ठेवते.

रविवार, ४ मे.

मैत्रेयला सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं. ओरडला नाही, टीव्ही बंद केला, तेच जास्त वाईट.

"आई, इथे लायसन्स नसताना असल्या अर्जाचा सल्ला देणं गुन्हा आहे, माहितीये तुला?"

"मी सल्ला कुठे दिला? फॉर्म भरला."

"हे तू ऑफिसरला समजावणार? आणि त्यात लिहून देणार की माझीही जन्मतारीख मास्तरांनी ठरवली? तुझी स्वतःची फाइल टेबलावर आहे, आई. तिथे तूच लिहिलंयस, दिलेली माहिती खरी आहे म्हणून."

"सगळ्या महाराष्ट्राची तारीख तशी आहे."

"सगळा महाराष्ट्र रेसिडन्स मागत नाहीये." मग आवाज उतरला. "परत पाठवलं तर कुठे जाशील? फ्लॅट नाही, बाबा नाहीत. मी हे सगळं सोडून येऊ का तुझ्याबरोबर? प्लीज. सही करू नकोस. त्यांना वकील आहे, बघेल ती काहीतरी."

त्याचं काय चुकलं? बापामागे त्याने आईला वाऱ्यावर सोडलं नाही, हा त्याचा गुन्हा का? सुरभी ओट्यापाशी भांडी पुसत होती. म्हणाली, "आई, तुम्हाला जे..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं. मीही पुढे विचारलं नाही.

रविवार, ११ मे.

बुद्ध पौर्णिमा उद्या, पण कार्यक्रम रविवारीच घेतात. शेजारच्या पापाटोएटोचा हॉल भरला होता. आपली नागपूरची, पुण्याची, मुंबईची माणसं, पांढऱ्या साड्या, पांढरे शर्ट. वंदना झाली, खीर झाली. ज्येष्ठ म्हणून मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी करुणेवर बोलले. दहा मिनिटं. पुढच्या रांगेतल्या वसुंधराताईंनी डोळे टिपले. टाळ्या वाजत होत्या आणि माझ्या पर्समध्ये ते पत्र होतं.

परत येताना गाडीत श्रुती म्हणाली, "आजी, इट्स नॉट द शूज, यू नो."

"काय गं?"

"रियाजची मम. शी वोंट कम इन बिकॉज ऑफ द बुद्धा. रियाज सेड, जे लोक त्यांचं व्हिलेज बर्न करायला आले ना, दे हॅड मंक्स विथ देम. ॲण्ड द सेम फ्लॅग." रियाज तोयोबाचा थोरला मुलगा, श्रुतीच्याच शाळेत जातो.

आमच्या हॉलमध्ये दारासमोर बुद्धमूर्ती आहे, मागे पंचशील ध्वज. रोज सकाळी मी तिथे मेणबत्ती लावते. तीन महिने ती बाई कोंदट गॅरेजात खोक्यावर बसली आणि मी समजत होते, तिला गारवा आवडतो.

घरी आल्यावर मूर्तीपुढे बसले. माझ्या वडिलांना गावात चहाच्या टपरीवर वेगळी कपबशी होती. ज्या दिवशी त्यांनी दीक्षा घेतली त्या दिवसापासून ते ताठ चालू लागले, असं आई सांगायची. आम्हाला माणूस म्हणून उभं केलं ते याच चेहऱ्याने. तोच चेहरा बघून कुणी दोन पावलं मागे सरकावं? मला राग आला, कुणाचा ते कळेना. मूर्ती काही मी हलवली नाही. हलवणारही नाही. पण डोळे मिटून बसवलं नाही.

बुधवार, २१ मे.

आत्याचा निरोप आला. बकरी ईद सात जूनला आहे, त्यानंतरच्या आठवड्यात निकाह. तोयोबा खोक्यावर बसून मोबाइल पुन्हा पुन्हा कानाला लावत होती. म्हणाली, "अम्माजी, वो वकील बच्ची को पूछो ना, कुछ हुआ क्या."

मेलेचे दोन फोन येऊन गेलेत. मी उचलले नाहीत. तोयोबाला म्हटलं, चालू आहे काम, तपास करतायत. हेही मीच बोलले, सरिता वाघमारे, निवृत्त मुख्याध्यापिका, जिने खोटं बोलणाऱ्या पोरांना वर्गाबाहेर उभं केलं.

बुधवार, २८ मे.

पाऊस. खिडकी. लेटरबॉक्सपर्यंतही गेले नाही.

रविवार, १ जून.

इथे हिवाळ्याचा पहिला दिवस. मैत्रेय सकाळीच पापाटोएटोला जाऊन बिनअंड्याचा केक घेऊन आला. सदुसष्टावा. श्रुतीने कार्ड केलं, त्यावर माझा चष्मा काढलाय. केक कापला, फोटो झाले, पुण्याहून दीनानाथचा फोन आला, त्याचाही आजच म्हणून मी त्याला हॅपी बर्थडे म्हटलं. घरात सगळे हसले. चार मेपासून मैत्रेय माझ्याशी जरा जपूनच बोलतो, आज नेहमीसारखा बोलला.

दुपारी एकच्या सुमाराला दार वाजलं. तोयोबा. हिरवी नवी ओढणी आणि हातात झाकलेलं भांडं. नेहमीसारखी उंबऱ्याच्या बाहेर. मला वाटलं, श्रुतीने हिला माझ्या वाढदिवसाचं सांगितलेलं दिसतंय. शाल घेतली आणि गॅरेजमध्ये गेले.

भांड्यात शेवया होत्या, दुधातल्या, वर खोबरं. मध्ये एक मेणबत्ती रोवलेली. खोक्याला टेकवून तिने मोबाइल उभा केला, आणि त्यात एक मुलगी दिसली. डोक्यावर गुलाबी ओढणी, मागे बांबूची भिंत. तिथे सकाळचे सात वाजले असतील. सेनुआरा. पुढचा एक दात किंचित वाकडा. तेच दात, ज्यांच्यावरून मी वर्ष काढलं होतं. मला बघून तिने सलाम केला आणि तोंडावर ओढणी धरून हसली.

"आज इसका जनमदिन है ना अम्माजी," तोयोबा म्हणाली. "तुम लिखे ना, एक जून."

तोयोबा सांगत होती. त्यांच्या घरात कुणाचाच वाढदिवस कधी नव्हता. कार्डावरची एक जानेवारी सगळ्यांचीच. रांगेत उभं केलं, चेहऱ्याकडे न बघता लिहिली. "तुम पूछ के लिखे. बारिश पूछे, नाव पूछे, दाई पूछे." तेव्हापासून तिने मुलीला फोनवर सांगून ठेवलं होतं, तुझा वाढदिवस एक जूनला. पोरगी दिवस मोजत होती म्हणे.

मेणबत्ती पेटवली. मोबाइलमधून सेनुआराने फुंकर मारली आणि इकडे रियाजने विझवली. मग रेंज गेली, ती मुलगी गोठल्यासारखी थांबली आणि दिसेनाशी झाली.

तेव्हा मी बोलले. सगळं. अर्ज माझ्या तारखेमुळे अडला आहे, पत्रात तेच लिहिलंय, मेलेला शपथेवर लिहून देणारी मीच हवी आहे, आणि मी तिला 'अ फ्रेंड' म्हणून सांगितलं. मी माझ्या घरासाठी घाबरले, तुझी लेक तिथे असताना. हात जोडले तर तिने ते खाली केले.

"मालूम है," तोयोबा म्हणाली. वाटीत शेवया वाढत होती. "मैं बोली थी ना उस दिन, कार्ड पो दूसरा है. वो बच्ची पूछी कौन लिखे, मैं बोली अम्माजी. तुम इत्ता सा बोले. मैं समझ गई, पूरा नै बोले."

"मग तिला सांगितलं का नाहीस? माझ्याशी भांडली का नाहीस?"

तिने वाटी माझ्या हातात दिली.

"किसको बोलती अम्माजी? मेरी अंग्रेजी तो तुमीच है."

वाटीतल्या शेवया मी संपवल्या. कशा संपवल्या, ठाऊक नाही.

मंगळवार, ३ जून.

काल इंग्रजांच्या राजाच्या वाढदिवसाची सुट्टी होती, सगळं बंद. त्या राजाचाही जन्म या दिवशी झालेला नाही म्हणे, सोयीसाठी ही तारीख धरलीय. हे कळल्यावर मी सुरभीसमोर मोठ्याने हसले, आणि मग रडले. ती जवळ बसून राहिली.

पासपोर्ट मैत्रेयच्या कपाटात असतो, किल्ली त्या दोघांकडेच. आज सकाळी सगळे गेल्यावर चहाचा डबा काढायला गेले तर झाकणावर माझा पासपोर्ट ठेवलेला, आणि खाली माझा बसचा पास. चिठ्ठी नव्हती. सुरभीने ते वाक्य असं पूर्ण केलं.

तोयोबाला हाक मारली. टेकडी उतरलो, बस पकडली. लायब्ररीत शपथेच्या कागदांवर सही घेणारे एक म्हातारे गृहस्थ बसतात, स्वेटर घातलेले, अगदी मास्तरांसारखे. मी रविवारी दुपारीच बसून पाच परिच्छेद लिहिले होते. वर्गात निबंध लिहून घेतल्यासारखे, मुद्देसूद. त्यांनी ओळख पटवायला पासपोर्ट उघडला आणि हसून म्हणाले, "परवाच वाढदिवस झाला की तुमचा! हॅपी बर्थडे!"

मी म्हटलं, "नो सर. प्लीज रीड नंबर फोर."

त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. "खात्री आहे ना?" त्यांनी विचारलं. "सही केल्यावर हे मागे घेता येत नाही." मी सही केली. सही वाकडी आली, आयुष्यात पहिल्यांदा.

तिथून मेलेकडे. तिला सांगितलं, ती फ्रेंड मी. तिने कागद फाइलला लावला. मग म्हणाली, हे मला दोन मेला मिळालं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, हो. काय होईल ते ती सांगू शकत नाही. कदाचित अधिकारी मानेल, कदाचित दोन्ही फायली अडकतील, तोयोबाच्या लेकीची आणि माझी. वेळेत पोचेल एवढं ती बघेल. आत्याला थांबवण्यासाठी एक पत्र आजच फोनवर पाठवते म्हणाली.

मग मी तिला दुसरी गोष्ट सांगितली. तोयोबाचं बोलणं माझ्याकडून ऐकू नका. तुमचा फोनवरचा दुभाषा लावा. मेले म्हणाली, तो पुरुष आहे. मी तोयोबाला विचारलं, चालेल का? तिने मान हलवली, "हौ." पाऊण तासाने लाइन लागली, आणि मी खोलीबाहेर येऊन बाकावर बसले.

मैत्रेयचे तीन मिस्ड कॉल आहेत. घरी गेल्यावर त्याला सामोरं जायचंय.

दार लावलेलं आहे. आतून तोयोबाचा आवाज येतोय, तिच्या स्वतःच्या भाषेत. इतका वेळ सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. आवाज मला वाटत होता त्याहून मोठा आहे. काय सांगतेय, त्यातला एक शब्दही मला कळत नाही. वही मांडीवर घेऊन मी इथे बसले आहे, ती बाहेर येईपर्यंत.